केमोच्या खुर्चीतून वाचकपत्रे

पुण्यातल्या एका दैनिकात वाचकांची पत्रं लावण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बातमीदाराचं नाव छापून येतं, अग्रलेख लिहिणाऱ्याला सभेत बोलावतात. पत्रांच्या टेबलावर मात्र रोज येतो तो लोकांचा राग. न आलेली पीएमपीची बस, न मिळालेला पीकविमा, पावसाआधी केलेला आणि पावसात वाहून गेलेला रस्ता, एका पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्याच्या मांडीवर बसलेला आमदार. दीडशे शब्दांची मर्यादा आम्ही रोज छापतो आणि लोक रोज सातशे शब्द पाठवतात. त्या सातशेंतून मुद्दा वेगळा काढायचा, शिवी गाळायची, आकडा तपासायचा, ज्या खात्याला उद्देशून आहे त्याचं नाव बरोबर आहे ना ते बघायचं आणि संध्याकाळी पान सोडायचं. मला हे काम मनापासून आवडतं. माणूस संतापतो तेव्हा त्याला नेमकं काय हवं असतं, हे या टेबलाइतकं दुसरीकडे कुठे कळत असेल असं मला वाटत नाही.

2024 च्या एप्रिलमध्ये माझ्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन असा क्रम ठरला. सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी ते लाल औषध, त्यानंतर दर आठवड्याला दुसरं. पुण्यातलं लोकसभेचं मतदान 13 मे रोजी होतं आणि पहिली केमो त्याच आठवड्यात आली. मतदान करून आले, संध्याकाळी बॅग भरत होते, तेव्हा टीव्हीवर घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर कोसळलेला जाहिरातफलक दाखवत होते. 120 फूट रुंद, 120 फूट उंच. सतरा माणसं त्यात गेली. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त 40 बाय 40 बसतो, उभा केला त्याच्या नऊपट. मी हातातला टॉवेल खाली ठेवून नवऱ्याशी तावातावाने बोलायला लागले. हा फलक रात्रीत उभा राहिला नसणार, तो उभा होताना खाली किती अधिकारी गाडीत पेट्रोल भरून गेले असतील, सही कोणाची, भाडं कोणाच्या खिशात गेलं. नवरा ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘अगं, उद्याचं बघ ना आता.’’

तिथून पुढे घरात एक अलिखित नियम झाला. वहिनीने सकाळचे पेपर सासूबाईंच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. दादाचा रोज फोन: टेन्शन घेऊ नकोस, पॉझिटिव्ह राहा, बातम्या बंद कर, छानसं गाणं ऐक. सगळे प्रेमाने सांगत होते, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्या सांगण्यात एक गृहीत धरलेलं होतं, आणि ते मला अजूनही मान्य नाही. मनात राग ठेवलास तर औषध लागू पडणार नाही, असं ते गृहीत. म्हणजे उद्या आजार बळावला तर दोष माझ्या स्वभावाचा. सुझन सॉन्टॅगने स्वतःच्या कॅन्सरनंतर 1978 मध्ये लिहिलेल्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’मध्ये याच समजुतीला हात घातला होता. बार्बरा एरनराइक या अमेरिकी पत्रकार बाईलाही स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि हसतमुख राहण्याच्या या सक्तीवर ती पुढे पुस्तकभर तुटून पडली. 2007 साली डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनःस्थिती चांगली असलेली माणसं जास्त जगली, असं त्यात दिसलं नाही. हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘बरं, पण निदान टीव्हीचा आवाज तरी कमी ठेव.’’ तेवढं मी मान्य केलं.

संपादकांना मी सांगितलं होतं की ज्या दिवशी जमेल त्या दिवशी घरून पत्रं बघीन. ते लगेच हो म्हणाले, कारण निवडणुकीच्या दिवसांत पत्रांचा ढीग लागतो आणि बाकीच्यांना तो उपसायचा कंटाळा असतो. केमोच्या आधी स्टेरॉइड देतात. त्या रात्री झोप येत नाही, डोकं लख्ख जागं असतं, सगळं घर झोपलेलं असतं. त्या रात्रींत मी पत्रं लावली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गळून जायचं, तोंड यायचं, पाण्याला लोखंडाची चव लागायची; तेव्हा अक्षरसुद्धा नको वाटायचं. म्हणून जागेपणाचे ते तास मी जपून वापरत होते.

19 मेच्या पहाटे कल्याणीनगरचा तो अपघात झाला. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव पोर्शे, मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर ठार. दोघेही मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले. आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाचा जामीन, त्यातली एक अट अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची. माझ्या पानाच्या मेलवर इतकी पत्रं मी क्वचितच पाहिली असतील. निवृत्त प्राचार्य, रिक्षावाले, आयटीतली पोरं, कोल्हापूरच्या एक आजी. तीनशे शब्द म्हणजे किती असतात हे मला माहीत आहे. माझ्या पानावरची दोन पत्रं. एखाद्या बाईला तिच्या वाड्यातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल मी जेवढी जागा देते, त्याच्या दुप्पट. दोन माणसांच्या जिवाच्या नावाखाली कोणी कागदावर ही लांबी लिहिली, हे मला सहनच होईना.

मग रक्ताच्या नमुन्याचं बाहेर आलं. नमुना बदलल्याच्या आरोपावरून 27 मे रोजी सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. ती बातमी वाचली तेव्हा मी लॅबच्या बाहेर नंबरची वाट बघत बसले होते. प्रत्येक केमोच्या आधी काउंट बघतात. पांढऱ्या पेशी खूप खाली असतील तर औषध पुढे ढकलतात, कारण तशात ते लाल औषध दिलं तर साधा ताप जिवावर बेतू शकतो. लॅबमधली मुलगी आधी मलाच माझं नाव विचारते. फाइलमध्ये लिहिलेलं असतं, तिच्या पडद्यावर असतं, ती मला ओळखतेसुद्धा, तरी विचारते. मग वय, मग नोंदणीचा आकडा. मग माझ्या डोळ्यांसमोर जांभळ्या टोपणाच्या बाटलीवर स्टिकर चिकटवते, अंगठ्याने दाबून त्याच्या कडा बसवते, आणि त्यानंतरच सुई हातात घेते. माझा जीव त्या स्टिकरवर अवलंबून आहे. देशातल्या हजारो लॅबमध्ये कमी पगारावर काम करणाऱ्या मुली हे स्टिकर प्रामाणिकपणे चिकटवतात, म्हणून आमच्यासारखी माणसं औषध घेण्याची हिंमत करतात. तिथे बसून मला वाटलं, कोणी पैशासाठी बाटली बदलली असेल, तर त्याने एक खटला बिघडवला एवढंच झालं नाही. या मुलीचं अंगठ्याने दाबणंसुद्धा त्याने खोटं पाडलं. मी तिला बातमी दाखवली. ती म्हणाली, ‘‘ताई, काल घरी आई विचारत होती, तुमच्याकडे पण असं करतात का गं म्हणून.’’ बोलताना तिचा आवाज चढला. आम्ही दोघी त्या खिडकीपाशी भडाभडा बोलत राहिलो, मागच्या माणसाने खाकरेपर्यंत.

रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी एकदा विचारलं होतं, हा राग खरं तर आजाराचाच नाही का? गाठीवर काढता येत नाही म्हणून सरकारवर काढताय असं वाटतं का? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी बरेच दिवस त्याचा विचार केला. त्यात काही अंशी तथ्य असेलही. गाठीला जाब विचारता येत नाही. तिने कोणाची परवानगी घेतली नव्हती, तिच्यासाठी कोणी सही केली नव्हती, तिच्याविरुद्ध तक्रार करायला खिडकी नाही. फलकाचं तसं नाही. रक्ताच्या बाटलीचं तसं नाही. तिथे माणसं आहेत, त्यांची पदं आहेत, फायलीवर तारखा आहेत. जिथे उत्तरदायी माणूस आहे तिथे संतापणं ही माझ्या मते धडधाकट गोष्ट आहे, आणि ती शरीर धडधाकट नसतानाही शाबूत राहते याचं मला त्या महिन्यांत फार बरं वाटलं. आजाराला माणूस त्याच्या शरीराएवढाच करून टाकायचा असतो. दिवसभर काउंट, उलटी, पोट, केस, झोप. मला त्यापलीकडेही काही म्हणायचं होतं.

आणि हे माझ्या एकटीचं नव्हतं. डे-केअरमध्ये खुर्च्यांची रांग असते, प्रत्येक खुर्चीला सलाईनचा स्टँड, समोर नातेवाइकाचं स्टूल. मला वाटलं होतं तिथे आजाराच्या गोष्टी चालत असतील. कोणाची कितवी स्टेज, कोणाला काय होतंय. फार थोड्या चालायच्या. लोक बोलायचे एसटीच्या गाड्यांवर, मुलीच्या नीटच्या पेपरवर, टँकरवर, मराठा आरक्षणासाठीच्या जरांगेंच्या उपोषणावर, कुठला आमदार कुठे गेला त्यावर. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा सबंध रांगेत दोन तट पडले आणि सिस्टरला येऊन आवाज कमी करा म्हणावं लागलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जुन्नरकडच्या एक मावशी यायच्या. त्यांच्याबरोबर त्यांचे मालक, काका म्हणू त्यांना. मावशींची केमो सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसली होती. पण गाडीभाडं, पुण्यातला मुक्काम, मध्येच निघणाऱ्या तपासण्या, हे सगळं कांद्यावर चाललं होतं. काकांना तारखा तोंडपाठ होत्या. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी. 4 मेला उठवली, पण टनाला 550 डॉलर किमान भाव आणि वर 40 टक्के शुल्क. ‘‘ताई, बंदी उठली म्हन्त्यात. दार उघडलं आन उंबऱ्यावर भित बांधली,’’ ते म्हणाले. त्यांनी मावशींच्या दुखण्याबद्दल माझ्याशी क्वचितच शब्द काढला. कांद्याबद्दल बोलताना मात्र त्यांचे हात हलायचे, मावशी डोळे मिटून ऐकायच्या, आणि एखादा भाव चुकला तर डोळे न उघडता दुरुस्त करायच्या.

जुलैच्या शेवटी माझं औषध बदललं आणि हळूहळू बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. की-बोर्डवरचं बटण दाबलं गेलं की नाही ते कळेना. शर्टाचं बटण लावताना खाली बघावं लागे. मग मी पत्रं मोठ्याने वाचायला लागले आणि दुरुस्त्या फोनला बोलून सांगायला लागले. साहजिकच रांगेतल्या लोकांना ती ऐकू जायची. काका पुढे सरकून बसायचे. एकदा पारनेरच्या एका शेतकऱ्याचं दूधदरावरचं पत्र वाचत होते. लांबलचक होतं. काका म्हणाले, ‘‘त्ये शेवटचं कापा ताई. निस्तं रडगाणं झालंय. आकडा ऱ्हाऊ द्या, आकड्याला त्यांना उत्तर द्यावं लागंल.’’ मी नेमकं तेच कापणार होते. हे शिकायला मला डेस्कवर काही वर्षं गेली होती.

23 जुलैचा केंद्रीय अर्थसंकल्प मात्र मला जास्त लागला. बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर पट्टी फिरत होती: कॅन्सरची औषधं स्वस्त. बघता बघता हॉलमधली माणसं उठून टीव्हीजवळ गेली. बार्शीचा एक मुलगा आईची फाइल घेऊन माझ्याकडे आला, मी पेपरात आहे हे त्याला कळलं होतं. ‘‘ताई, आमचं औषध त्यात हाय का बघा ना.’’ मी फोनवर भाषणाची प्रत शोधली. सीमाशुल्क माफ झालं होतं ते तीन औषधांवर: ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन, ओसिमर्टिनिब आणि ड्युरव्हॅलुमॅब. तिन्ही महागडी, ठरावीक प्रकारच्या कॅन्सरसाठीची. ज्यांना ती लागतात त्यांच्यासाठी सवलत खरी होती, त्यात शंका नाही. पण त्या मुलाच्या फाइलीत जी नावं होती ती जुन्या, इथेच बनणाऱ्या औषधांची होती. त्यांचा आयात शुल्काशी काही संबंध नव्हता. त्या हॉलमध्ये मी ज्यांच्या फाइली बघितल्या त्यांतल्या एकाचंही औषध त्या तिन्हींत नव्हतं. प्रत्येकाला मी ते सांगितलं. माणसाच्या चेहऱ्यावरची आशा आपल्या तोंडाने उतरवणं फार वाईट.

तिथूनच मी डेस्कवर फोन लावला. पहिलं पान लावणाऱ्या मुलाने मथळा केलाच होता, कॅन्सरची औषधे स्वस्त. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, मथळ्यात ‘तीन’ लिही. आणि नावं पहिल्या परिच्छेदात घे.’’ तो म्हणाला, नावं अवघड आहेत, वाचकाला कळणार नाहीत. मी ओरडलेच. ज्याला ते औषध लागतं त्या घरात ते नाव तान्ह्या पोराच्या नावासारखं पाठ असतं. त्याला ते कळतं, तुला कळत नाही. मग मला दम लागला आणि नवऱ्याने फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी मथळ्यात ‘तीन’ होतं. त्याच रात्री मी त्याला एक टिपण पाठवलं. फेब्रुवारी 2019 मध्ये 42 कॅन्सर औषधांवरच्या व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली गेली, ती गोष्ट साध्या घरापर्यंत पोचली होती. परळच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची मिळून 40 औषधांची एकत्र खरेदी केली आणि भाव कितीतरी खाली आणले, तीही. अशा बातम्यांना आपण आतल्या पानावर दोन इंच देतो. हे बदलायला हवं, असं मी त्यात लिहिलं. अजून पुरतं बदललेलं नाही, पण तो मुलगा आता अशी बातमी आली की मला विचारतो.

ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात बलात्कार करून मारलेल्या त्या डॉक्टर मुलीची बातमी आली. 17 तारखेला निषेध म्हणून देशभरातल्या डॉक्टरांनी 24 तास ओपीडी बंद ठेवली आणि माझी त्या शनिवारची केमो सोमवारवर गेली. माझ्या टेबलावर दोन्हीकडची पत्रं होती. एका पत्रात संगमनेरहून वडिलांना घेऊन आलेला माणूस दारावरूनच परत गेला होता, त्याचा संताप रास्त होता. दुसरं पत्र एका निवासी डॉक्टर मुलीचं होतं. तिच्या वॉर्डात रात्रपाळीला बायकांना आडवं व्हायला कडी असलेली खोली नाही, एवढंच तिने लिहिलं होतं, साध्या भाषेत, कोणालाही न दुखवता. माझी शीर सापडत नाही तेव्हा जी मुलगी खाली वाकून, हातावर टिचक्या मारत, धीराने ती शोधते, ती त्याच वयाची आहे. त्या सोमवारी तिच्या दंडावर काळी फीत होती आणि रात्रभर ती जागीच होती. दोन्ही पत्रं मी लावली, पण मुलीचं वर घेतलं. त्यावर संगमनेरच्या गृहस्थांचा मला फोन आला, आणि आम्ही बराच वेळ भांडलो. भांडणाच्या शेवटी ते म्हणाले, खोलीला कडी पाहिजेच, पण माझ्या बापाचं काय? मी त्यांना म्हटलं, हेच लिहून पाठवा. त्यांनी पाठवलं, मी छापलं.

बदलापूरच्या शाळेतला लहान मुलींवरचा अत्याचार, मालवणचा कोसळलेला शिवाजी महाराजांचा पुतळा, एकामागून एक येत गेलं. त्या सगळ्यावर मी बोलले, चिडले, एक-दोनदा रडलेसुद्धा. कोणी म्हणेल तू स्वतःला त्रास करून घेतलास. त्रास झालाच. पण ज्या दिवशी पेपर उघडून मला काहीच वाटलं नाही, असे दिवस त्या वर्षात आले, ते मला उलटीच्या दिवसांपेक्षा भयंकर वाटले. चौथ्या लाल औषधानंतरचे ते दिवस होते. नवऱ्याने मुद्दाम एक बातमी वाचून दाखवली, महापालिकेच्या कुठल्या तरी निविदेची, आणि माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीकडे वळले. संध्याकाळी त्याने न विचारता सासूबाईंच्या खोलीतले पेपर आणून माझ्या उशाशी ठेवले. त्या दिवसापासून ते पुन्हा माझ्या खोलीत येऊ लागले.

आरोग्यविम्यावरच्या 18 टक्के जीएसटीविरुद्धची पत्रं तर माझ्याकडे कितीतरी आधीपासून येत होती, मुख्यतः निवृत्त माणसांची, सुवाच्य अक्षरात, हप्त्याच्या पावतीची झेरॉक्स जोडलेली. जुलै 2024 मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना हा कर काढा म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा माझ्या वाचकांना आपलीच बाजू कोणीतरी दिल्लीत मांडली असं वाटलं. वैयक्तिक विम्यावरचा तो कर प्रत्यक्ष गेला 22 सप्टेंबर 2025 ला. एवढ्या काळात हप्ता परवडेना म्हणून पॉलिसी सोडून दिल्याचं लिहिणारे वाचक माझ्या माहितीत आहेत. कर गेल्याचा आनंद मी त्या पानावर मोठ्या जागेत छापला, आणि त्यांच्यापैकी एकाचं पत्रही त्याच्या शेजारीच.

शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, मी डेस्कवर परत आले. बोटांची टोकं पूर्ण सुधारलेली नाहीत, कीबोर्ड मोठ्या बटणांचा घेतला आहे. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली होती: तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं, त्यातली 200 केंद्रं 2025-26 मध्येच. काकांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘‘नाव हाय का कुठल्या गावाचं?’’ ते आता मी वाचकांना विचारते आहे. पानाच्या तळाशी चौकट टाकली आहे: तुमच्या जिल्हा रुग्णालयात केमोची खुर्ची आली का, आली असेल तर कुठल्या मजल्यावर, आठवड्यातून किती दिवस, औषध तिथेच मिळतं की बाहेरून आणायला सांगतात, ते दीडशे शब्दांत कळवा. उत्तरं येऊ लागली आहेत. काही धाराशिवकडून, काही गोंदियाकडून, एक नंदुरबारहून पोस्टकार्डावर. आलेली प्रत्येक माहिती त्या त्या रुग्णालयात फोन करून पडताळते, मग लावते. जिथला फोन उचलला जात नाही, तिथे तेही छापते.